गाठ, क्लिप की कात्री

गाठ.

दोरा आत सोडायचा, धमनीच्या मागून हळूच ओढून घ्यायचा, एका चिमट्याभोवती त्याचे वेढे घ्यायचे, दुसऱ्या चिमट्याने टोक पकडायचं, आणि हे सगळं पोटाच्या बाहेर उभं राहून, समोरच्या पडद्याकडे बघत, लांब दांड्यांच्या टोकांनी करायचं, म्हणजे काठीने सुई ओवण्यातलाच प्रकार, पण एकदा का हात बसला की दोरा ऐकायला लागतो, गाठ सरकत सरकत जाऊन नेमकी बसते, आणि ती बसली हे बोटांना पडद्याच्या आधी कळतं.

क्लिप.

धातूची. तांदळाच्या दाण्याएवढी. लावली, दाबली, झालं. बहुतेक सगळे हेच करतात. क्लिपवर कुणाचं प्रेम नाही. भांडणही नाही.

कात्री.

म्हणायला कात्री. पण कापण्याआधी तिचं एक पातं थरथरतं, इतकं बारीक की डोळ्याला दिसत नाही. थरथरीने ते तापतं. पकडलेली धमनी पांढरी पडते, तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात, मग ती तुटते. मागे दोरा राहत नाही, धातू राहत नाही. थोडी वाफ, तीही विरते.

पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढताना तिला रक्त पुरवणारी एक बारीकशी धमनी आधी बंद करावी लागते. ती बंद करायच्या या तीन पद्धती. पहिलीवर छोटीचा जीव होता, तिसरीवर यंत्रोबांचा.

*

छोटी म्हणजे लहान मूल नव्हे. कानाजवळचे केस पांढरे झालेली, जाड चष्म्याची, पोटाच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. दवाखान्यात सगळे तिला मॅडम म्हणत. छोटी ती फक्त ताईची. पण गोष्ट ताईच्या पिशवीची, म्हणून इथेही ती छोटीच.

यंत्रोबा तिचे सहकारी. नवं यंत्र आलं की खोक्याभोवती घिरट्या घालत, म्हणून हे नाव. पाठीमागे आपल्याला काय म्हणतात हे त्यांना माहीत होतं, आणि मनातून ते आवडतही होतं.

दोघांची खोली एक, टेबलं समोरासमोर.

"मॅडम, विणकाम घरी करावं माणसाने."

"आणि भाजणं कुठे करावं?"

"शेकणं म्हणा. भाजणं काय!"

हे रोजचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. शेवटी दोघांनाही स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला आणि त्यांनी ठरवलं, होऊन जाऊ दे, रीतसर तुलनाच करू. तिन्ही पद्धती दोघांनीही करायच्या. कुठल्या पेशंटला कुठली, हे त्यांनी ठरवायचं नाही आणि पेशंटनेही नाही. बंद पाकिटात चिठ्ठी. आत धमनी मोकळी होऊन समोर आली की मगच ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज सिस्टरनी पाकीट फाडायचं आणि मोठ्याने वाचायचं. काय निघालं ते पेशंटला महिनाभर सांगायचं नाही, म्हणजे दुखण्याबद्दल तो जे सांगेल ते पोटातून सांगेल, ऐकीव गोष्टीवरून नाही.

अर्थात आधी पेशंटची परवानगी. त्यासाठी छोटी प्रत्येकाजवळ बसून सांगे, "तिन्ही पद्धती चांगल्या आहेत. त्यातली कुठली जास्त चांगली, हे आम्हाला माहीत नाही. म्हणून तर बघतोय."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं बोलताना तिच्या ओठांवर एक असे आणि पोटात एक. तिला माहीत होतं. गाठ.

*

ताई एका शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी नसली तरी बोलणं शिट्टीसारखंच. तिच्या पोटात उजवीकडे कळा यायला लागल्या, त्या तिने पळून घालवायचा प्रयत्न केला, आणि ते न जमल्यावर मग ती बहिणीच्या टेबलासमोर येऊन बसली.

"खडे? माझ्या पोटात?"

"हो."

"मोठे की बारीक?"

"वाळू आहे, खडी आहे, सगळं आहे. बांधकाम काढलंयस तू, ताई."

"मग काढून टाक."

"मी नाही. सख्ख्या बहिणीवर हात चालवायचा नसतो. यंत्रोबा काढतील."

"ते भाजणारे?"

"शेकणारे," समोरच्या टेबलावरून आवाज आला.

ताईने त्यांना मान लववली आणि टेबलावरचा माहितीचा कागद उचलून वाचायला सुरुवात केली. कागद दिसला की वाचायचाच, ही तिची जुनी खोड.

"हे चिठ्ठीचं काय आहे?"

"ते तुझ्यासाठी नाही."

"का बरं?"

"अगं, तू घरची."

"बरं. म्हणजे बाहेरच्यांना चिठ्ठी आणि घरच्यांना?"

छोटीने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"घरच्यांना काय, ते विचारतेय मी."

"घरच्यांना गाठ," यंत्रोबांनी कागदातून मान वर न काढता सांगून टाकलं.

"इथे लिहिलंय, कुठली जास्त चांगली ते माहीत नाही."

"नाहीच माहीत, ताई. शास्त्राला नाही माहीत."

"शास्त्राला नाही विचारलं मी. तुला विचारलं."

छोटीने चष्मा काढून पुसायला घेतला.

"छोटे, टॉस उडवणाऱ्यालाच एक संघ जिंकावासा वाटत असेल ना, तर त्याने नाणं दुसऱ्याच्या हातात द्यावं आणि सरळ घरी जावं. तू काय करतेयस? लोकांची पोटं आहेत ही."

"मी कुणाचं वाईट केलेलं नाही."

"ते मी म्हटलंच नाही. तू थाप मारतेस, एवढंच म्हटलं."

आणि तिने पेन मागितलं. छोटीने दिलं नाही. मग तिने स्वतःच्या पिशवीतून काढलं आणि सही करून कागद बहिणीच्या पुढ्यात सरकवला. "घाल मला चिठ्ठीत. नाहीतर हे दुकान बंद कर."

*

ताई गेली. मग यंत्रोबांनी खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, हवं तर वगळू त्यांना. कागद फाडला की झालं. मी गाठ मारतो. माझी गाठ बघितली आहे ना तुम्ही?"

"बघितली आहे. बुटाच्या नाडीसारखी दिसते."

"सुटली आहे का एकदा तरी?"

"नाही."

"मग? ताईंना गाठ. तुम्हाला शांत झोप. कोणी विचारणार नाही." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "फक्त त्यानंतर जो पेशंट तुमच्यासमोर बसेल, त्याला तुम्ही काय सांगणार ते मला आधी सांगा. कारण तेच मलाही सांगावं लागेल. आणि सांगता येणार नसेल तर पाकिटं कपाटात टाकू. मी भांडायला येणार नाही."

छोटीने ताईची सही बघितली. वळणदार, ठसठशीत, रेघेच्या बाहेर गेलेली.

"तुम्हाला वाटत नाही कात्री चांगली?"

"वाटतं की! रोज वाटतं. पण मला क्रिकेटमधलंही पुष्कळ वाटतं, मॅडम. बहुतेक वेळा हरतो मी."

तिने कागद फाडला नाही. पण मनातून हरकत गेली होती असंही नाही. चिठ्ठी तर चिठ्ठी, तीनातली एक गाठीचीच आहे की, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ही समजूत म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणंच होतं, आणि तेही तिला कळत होतं.

*

आता आत.

दुर्बीण धरणारा नेहमीचा सहायक तापाने घरी. बहिणीवर शस्त्रक्रिया करायची नाही असा नियम होता, दुर्बीण धरायची की नाही याबद्दल नियम गप्प होता, आणि ताईने गुंगी यायच्या आधी फर्मान काढलं होतं, "छोटी आत हवी. पण तिला बोलू देऊ नका." म्हणून छोटी दुर्बीण धरून उभी. तोंडावर मास्क, आणि मास्कच्या आत गुळणी धरलेली.

पडद्यावर ताईचं पोट. आतून सगळे सारखेच, हे छोटीला माहीत होतं, तरी ती क्षणभर बघत राहिली. पिवळी चरबी, तांबडं यकृत, त्याच्या कडेखाली लोंबणारी हिरवट पिशवी. यंत्रोबांनी पिशवीच्या मानेजवळचे पापुद्रे एकेक करून सोडवले. घाई नाही, खेचाखेच नाही. पित्ताची नळी दिसली. तिच्या शेजारी धमनी दिसली, नाडीबरोबर हलकेच उडणारी.

यंत्रोबा थांबले.

"जरा सूज आहे, मॅडम. जास्त सूज असेल तर तुलनेतून वगळायचं, असं आपणच ठरवलंय. जास्त की कमी, तुम्ही सांगा."

भूल देणारे डॉक्टर तिच्याकडे बघायला लागले. इनचार्जही. हातात पाकीट.

दार उघडं होतं. एक शब्द, "जास्त," आणि यंत्रोबांनी दोरा मागितला असता. आयुष्यभर कुणी तिला विचारलं नसतं. छोटीने पडद्याकडे बघितलं. सूज होती. पण अशी सूज असलेल्या कितीतरी जणांना त्यांनी आत घेतलं होतं, आणि तेव्हा तिने भुवईसुद्धा वर केली नव्हती.

"वगळण्याइतकी नाही," ती म्हणाली. "फाडा पाकीट."

इनचार्जनी फाडलं. "कात्री."

*

बोललेलं आणि न बोललेलं:

यंत्रोबा म्हणाले, "थोडं जवळ या."

छोटी म्हणाली, "हं."

छोटी म्हणाली नाही: दोरा बाजूला काढून ठेवा, लागला तर.

यंत्रोबा म्हणाले, "थोडं खाली."

छोटी म्हणाली, "हं."

छोटी म्हणाली नाही: नळी किती जवळ आहे बघताय ना? ती पण शेकाल हो. माझी ताई आहे ती.

यंत्रोबा म्हणाले, "खाली म्हटलं मी. वर कुठे निघालात?"

छोटी म्हणाली, "खालीच आहे."

यंत्रोबांनी कात्री मागे घेतली. हात खाली केले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तिच्याशी शिकवण्याच्या सुरात बोलले.

"मॅडम, तुम्ही मला धमनीचा बुंधा दाखवताय. मघापासून."

"मग? तिथेच तर पकडायचं."

"तिथे दोरा घालतात. तुमची दुर्बीण दोरा कुठे घालायचा ते शोधतेय. मला माझ्या पात्याचं टोक दाखवा. धमनीच्या पलीकडे ते कुठे पोचलंय, कशाला टेकलंय. ते दिसत नसेल तर मी काय शेकतोय ते मला काय कळणार? तुम्हाला तरी काय कळतं मग?"

शेवटचा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. तिचे कान मात्र मास्कच्या नाड्यांखाली गरम झाले. चिठ्ठीत कात्री निघाली की ती स्वतःही कात्री वापरायचीच की. आणि प्रत्येक वेळी वेळ जास्त लागायचा, वाफेने काच धुरकट व्हायची, कुठेतरी थोडं रक्त यायचं, आणि ती मनात म्हणायची, बघा, म्हटलं नव्हतं? दुर्बीण धरणाऱ्याला तिनेच शिकवलं होतं. बुंधा दाखव म्हणून.

म्हणजे कात्रीला तिने आजवर गाठीच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

दुर्बिणीचं टोक तिरकं कापलेलं असतं. दांडी जागेवर ठेवून नुसती फिरवली तरी नजर वळसा घालून वस्तूच्या खालून बघायला लागते. छोटीने दांडी फिरवली. पडद्यावरचं चित्र कलंडलं, सावरलं. धमनीच्या पाठीमागची बाजू दिसायला लागली, आणि त्या बाजूला कात्रीचं चमकतं टोक.

"शाब्बास. आता—"

"थांबा."

सगळे थांबले.

"तुमच्या टोकाच्या पलीकडे. अजून एक आहे. बारीक. उडतेय बघा."

यंत्रोबांनी मान पुढे काढली. पहिल्या धमनीच्या आडोशाला, यकृताकडे जाणारी, दोऱ्याएवढी एक फांदी. कात्री तशीच मिटली असती तर ती अर्धी पकडली गेली असती, अर्धी फाटली असती, आणि मग पडदा तांबडाच.

"आहे खरी," ते म्हणाले. "आगाऊ कुठली. समोरून दिसलीच नसती ही."

"बुंध्याकडून तर मुळीच नाही," छोटी म्हणाली. कोणी तिला हे म्हणायला लावलं नव्हतं.

त्यांनी आधी मोठी पकडली. यंत्र बारीक सुरात वाजायला लागलं. आणि छोटीने पाहिलं. पात्यांच्या मधली धमनी आधी आक्रसली. मग तिचा रंग उतरला, तांबड्याचा गुलाबी, गुलाबीचा दुधासारखा पांढरा, आणि तो पांढरेपणा कडेपर्यंत सावकाश पोचेतो यंत्रोबा थांबून राहिले. घाईने दाबलं नाही, ओढलं नाही. गाठ सरकत जाऊन बसते ना, तसंच काहीतरी इथेही बसत होतं. तिने ते आजवर बघितलंच नव्हतं. सूर बदलला. धमनी दोन बाजूंना झाली. टोकं पांढरी, कोरडी. मग दुसरी, बारीक. तीही तशीच.

नळीला क्लिपा लागल्या, त्या सगळ्यांनाच लागतात. पिशवी यकृतापासून सुटली, छोट्या थैलीत शिरली, बेंबीशेजारच्या छेदातून बाहेर आली. ट्रेमध्ये खडे ओतले तेव्हा इनचार्ज म्हणाल्या, "अगंबाई, एवढ्यात तर अंगण झालं असतं."

"आता बोललात तरी चालेल, मॅडम," यंत्रोबा म्हणाले.

छोटीने दुर्बीण पुसून खाली ठेवली. दांडी फिरवल्यापासून आपल्याला दोऱ्याची आठवणच झाली नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं होतं.

*

चहा घेताना ती म्हणाली, "माझ्या कात्रीच्या सगळ्या केसेस वाईट का दिसतात, ते कळलं."

"का?"

"मीच वाईट करते."

यंत्रोबांनी कप खाली ठेवला. त्यांना केव्हाची एक गोष्ट सांगायची होती असं दिसलं.

"मी गाठ मारतो ना, तेव्हा मनात म्हणतो, उरका एकदाचं. शेवटचा वेढा मी घेतच नाही नीट. म्हणून ती बुटाच्या नाडीसारखी दिसते."

मग आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही, पण शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं.

"म्हणजे आपण आत्तापर्यंत काय मोजलं?"

"आपापला हट्ट."

झालेलं सगळं बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात करायची असं ठरलं. पण आधी तिने त्यांच्या गाठीच्या वेळी शेजारी उभं राहायचं आणि त्यांनी तिच्या कात्रीच्या वेळी. हात नीट बसेपर्यंत पाकिटं बंद, फक्त आधीच्या पेशंटना महिनाभर न सांगायचा नियम तसाच. छोटीला वाटलं होतं याचं आपल्याला वाईट वाटेल. इतकी मेहनत. पण चहा मात्र फार चांगला लागला.

*

दुसऱ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली होती आणि नर्सला हात सरळ ठेवून चालायला शिकवत होती.

"काय निघालं?"

"महिनाभर सांगायचं नाही."

"मला? सायकल कोणी शिकवली तुला?"

"तू. आणि पाडलंही तूच."

"गाठ निघाली."

"ताई, दुखतंय का?"

"विषय बदलू नकोस. क्लिप?"

"खांदा दुखतोय का? पोटात हवा भरतात, त्याने दुखतो."

भावोजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "मला हळूच सांग हवं तर. मी नाही बोलायचो."

"भावोजी, तुम्हाला सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं."

"ते बरोबर आहे," ताई म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "एवढं तरी सांग. तुला हवं तेच निघालं का?"

छोटीने विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, नियमही मोडायचा नव्हता, आणि गंमत अशी की दोन्हींची गरज पडली नाही.

"काय हवं होतं तेच आता आठवत नाही," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर कुलपं दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. त्याचीही पिशवी उद्या निघायची होती. त्याने कान टवकारलेले होतेच. छोटी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. म्हणाली, धमनी बंद करायच्या तीन पद्धतींच्या तुलनेचं काम आम्ही थोडं थांबवलंय, हात सुधारायचेत. उद्या तुमच्या वेळी चिठ्ठी नसेल. पण विचारायचं असेल ते विचारा.

"मग कशाने बंद करणार? ताई मघाशी गाठ, क्लिप काय काय म्हणत होत्या."

"उद्या क्लिप. ती आम्हा दोघांनाही चांगली येते."

"पण सगळ्यात चांगली कुठली?"

"मला माहीत नाही."

"इतकी वर्षं करताय आणि माहीत नाही?"

"नाही."

"आणि हसताय काय मॅडम, माहीत नाही म्हणताना!"

"हसतेय का?" तिने गालाला हात लावून बघितलं. हसत होती खरी.

कुलुपवाल्याने छताकडे बघून हिशेब केल्यासारखं केलं. "कुलूप कुठल्या किल्लीने उघडेल ते मलाही आधी माहीत नसतं. पण गिऱ्हाइकाला तसं सांगत नाही हो मी. पळून जाईल ते."

"तुम्ही पळणार का?"

"या कपड्यात कुठे पळू? मागून बंद नाहीत." त्याने ऑपरेशनच्या परवानगीचा कागद मागितला, सहीसाठी ताईचं पेन मागितलं, आणि सही करता करता विचारलं, "उद्या सकाळी चहा चालेल ना?"

"नाही."

"एक घोट?"

"अर्धासुद्धा नाही. एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे."

"पेन परत द्या," ताई म्हणाली.